भिंतीचं सुतक

हाल्मे बेट,
ता. ४ मे १९३१

ती. मार्सलीताईस,
शि. सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने सगळे सुखरूप. तुझ्या पत्राची पाठ कोरी होती, तिच्यावरच लिहिते. कागद वाया कशाला.

आई गेल्याला वर्ष व्हायचंय, म्हणून रीतीप्रमाणे यंदा घराला चुना लावला नाही. पण समुद्राकडची भिंत शेवाळून अशी करडी झाली आहे की मागच्या डोंगरात विरून जाते. पांढरी भिंत पाण्यातल्या फुटक्या सुळक्याच्या बरोबर वर दिसेल अशी धरली तरच होडी खोल पाण्यातून आत येते, नाहीतर खडक. हे म्हणतात, हल्ली घर वासावर शोधावं लागतं, तेव्हा तू हेरिंग मासे करपवतच जा. ह्यांना थट्टा सुचते, माझा जीव खालीवर होतो. तेवढी एक भिंत रंगवू का? तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.

लोभाला ओहोटी लागू देऊ नये.

तुझी,
इशबेल


ग्लासगो,
ता. ११ मे

चि. सौ. इशबेल हिस अनेक आशीर्वाद.

माझंच पत्र पालथं होऊन परत आलं! काटकसरीत आईवर ताण केलीस.

चुन्याचं मात्र नाही. वर्षाच्या आत भिंत पांढरी दिसली तर अख्खं बेट म्हणेल, पोरींना आईचं दुःख वर्षभरही पुरलं नाही. शेवटी मी तिच्याजवळ नव्हते. निदान एवढं तरी पाळू दे. तुझ्या टॉरक्विलना म्हणावं, डोळे उघडे ठेवा. आणि करपवायला तुला कुणी वेगळं सांगायला नको.

तुझी,
मार्सली


हाल्मे,
ता. १८ मे

ती. ताईस सा. न.

काल रविवार, म्हणून लेखणी धरली नाही.

शनिवारी दुपारी धुकं उतरलं, पाणी घातलेल्या दुधासारखं. ह्यांची होडी तेवढी बाहेर होती. मी बिछान्यावरची चादर ओढली आणि भिंतीला पाठ लावून ती डोक्यावर धरून उभी राहिले. शेजारची मोराग म्हणाली, अगं वेडे, एका चादरीची कधी भिंत होते का? आणि आपल्या घरच्या घेऊन आली. मग साऱ्याच आल्या. कुणीतरी स्तोत्र धरलं. हात भरून आले, तसं मला वाटू लागलं की आम्ही उभ्या नाहीच. घरच आम्हांला घेऊन हळूहळू समुद्राकडे निघालं आहे.

हे आले. म्हणाले, लांबून भिंत श्वास घेत होती. वाटलं, मेलो, आणि हेच स्वर्गाचं दार. मग मोरागचं ओरडणं ऐकू आलं आणि कळलं, स्वर्ग नव्हे.

ताई, चुना मी लावलेला नाही. पण दर धुक्याला आमचे हात पुरतील असं नाही.

तुझी,
इशबेल


ग्लासगो,
ता. २२ मे

चि. इशबेल,

चुना आजच भिजत घाल. कुणी बोललंच, तर माझं नाव सांग. माझ्यासाठी थांबू नकोस. मी पुढच्या बोटीने येते आहे, त्याआधी भिंत वाळलेली हवी.

लग्न होऊन निघाले तेव्हा रडू दिसू नये म्हणून मी बेटाकडे पाठ करून बसले होते. आपलं घर पाण्यावरून कसं दिसतं, ते मी कधी पाहिलेलंच नाही.

तुझी,
ताई