हुतात्म्याच्या घरचा गणपती

बदलापूर, १९ ऑगस्ट १९५५
खोटं! साफ खोटं! गोव्याच्या हद्दीवर हे गोळी लागून पडले म्हणे. सांगायला कोण आलं — ह्यांच्याबरोबर सत्याग्रहाला गेलेला खरवईचा हिंदुराव. "वैनी, टोपीवरनं वळखलं. पालथं पडलं व्हतं." टोप्या काय, सगळ्यांच्याच पांढऱ्या! "तोंड बघितलंस का?" म्हटलं, तर म्हणतो, "न्हाय." प्रेत पोर्तुगीजांनी आणू दिलं नाही. मग मी कशाला रडू?

२२ ऑगस्ट
माईंनी अंथरूण धरलंय. पोटचा मुलगा, त्यांचं चुकत नाही. धाकटे दीर शरदभाऊजी भटजींना विचारून आले — देह नसला तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्यालाच अग्नी द्यायचा. मग दहावं, तेरावं. पानांचा माणूस! म्हटलं, "घरात एक पान आणून तर बघा!" भाऊजींना असं कधी बोलले नव्हते.

४ सप्टेंबर
शोकसभा. सत्याग्रह कमिटीचे आण्णा दारातच अडून बसले — "वहिनी, हुतात्म्याच्या पत्नीनं कुंकू लावून व्यासपीठावर बसायचं? लोक काय म्हणतील?" म्हटलं, "लोकांना घरी पाठवा, मी एकटी बसते."
बसलेच. चांगलं ठसठशीत लावून. सगळ्यांनी ह्यांच्या फोटोला हार घातले, मी नाही घातला. निघताना उल्हासनगरहून आलेली एक सिंधी म्हातारी हळूच म्हणाली, "बेटी, मैं भी आठ साल से राह देख रही हूँ." धीर द्यायला आली होती बिचारी. पण आठ वर्षं! म्हणजे फाळणीपासून!

१७ सप्टेंबर
परवा चतुर्थी. सुतक धरलं तर गणपती नाही. गणपती आणला तर सुतक नाही! भाऊजी म्हणतात, यंदा नको. माई भिंतीकडे तोंड करून. म्हणजे निकाल मीच लावायचा.

१९ सप्टेंबर
आणला! पाट कुणी मांडला? माईंनी! आळीतलं एक माणूस दर्शनाला फिरकलं नाही. मोदक तसेच पडलेत.

२८ सप्टेंबर
हिंदुराव परत आला. ह्यावेळी त्याला हुंदका आवरेना. "वैनी, एवढं रगात गेल्यावर मानूस उठत न्हाय वो." पहिल्यांदाच खरं वाटलं.
पितृपक्षाआधी उरकायचं ठरलं, शुक्रवारी. मीच हो म्हटलं. देवा, मीच!

२९ सप्टेंबर
भाऊजींनी पळसाची पानं आणून ओटीवर ठेवलीत. जाता-येता नजर तिकडेच जाते. उद्या भटजी यायच्या आधी मी कुंकू — नाही. लिहवत नाही.

३० सप्टेंबर
हे आलेत!! पाय मोडलाय, दाढी वाढलीय, ओळखू येत नाहीत — पण आलेत! हद्दीपलीकडे एका बाईनं गोठ्यात लपवून ठेवलं होतं. माई हात सोडायला तयार नाहीत. भटजी दारातूनच परत गेले. आण्णा धावत आले, तर त्यांना म्हणे पेढे द्यायचे की माफी मागायची, कळेना! मी हसत होते की रडत होते, मलाच ठाऊक नाही.

१ ऑक्टोबर
सकाळी विचारलं, मग पडला तो कोण? ह्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्या शेजारीच चालत होता. बोलण्यावरून साताऱ्याकडचा असावा. नाव विचारायचं राहिलं."
म्हणजे तिकडे कुठेतरी एक बाई आजही कुंकू लावून साऱ्या घराशी भांडत असेल. आणि तिला सांगायला जाणार कोण?