लाल कमी दिसतोय

३ मार्च, मंगळवार
आज दिव्यातला लाल मला दिसलाच नाही! आपला एलईडी पांढराच, पण त्या पांढऱ्यात जी ऊब असते ती युरोपियमच्या लाल पावडरीची. एकवीस वर्षं कारखान्यात मी तीच तपासतेय. टिकतो का बघायला दमट पेटीत हजार तास जाळलेला दिवा बाहेर काढला, खाली हात धरला, तर हात मढ्यासारखा! म्हटलं, लाल उतरला. रंग मोजणारा मीटर म्हणतो, काही उतरलं नाही. साहेब हसले, "बाई, मीटरला चष्मा लागत नाही."

मीही हसले. मग पुन्हा दिव्याखाली हात धरून बघितला.

४ मार्च
आईच्या डोळ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी रंग गेले, मग सगळंच. तेव्हा ती पन्नाशीची होती. मी अठ्ठेचाळीस. कुणाला सांगायचं नाही.

५ मार्च
धाकटीला मुलगी झाली! मी मावशी झाले, या वयात! सिझेरियन. बुधवारपर्यंत दोघी हॉस्पिटलातच.

६ मार्च
लाल चादर बघितली, टोमॅटो बघितला, यांचा शर्ट बघितला. लालच दिसतात. मग कामावर काय होतं मला? हे म्हणाले, "शर्टाकडे काय टक लावून बघतेस, डाग पडलाय का?" मी ओरडलेच त्यांच्यावर. मग न्हाणीघरात जाऊन रडले. डोळे गेले तर मी कोण? साहेब दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.

८ मार्च, रविवार
भाची बघून आले. एवढीशी! नुसती झोपते, दूधसुद्धा धड ओढत नाही. ऊन नको म्हणून पडदे ओढलेले, आणि वर दिवे आमचेच, दोन वर्षांपूर्वी बसवलेले. काय मिरवलं होतं तेव्हा मी!

बाळ मला पिवळट वाटलं. धाकटी पण म्हणाली, "ताई, पिवळी नाही ना गं दिसत?" नर्सबाई हसल्या. "अहो, या खोलीत सगळेच पिवळे दिसतात! माझ्याकडे बघा." खरंच, त्यासुद्धा पिवळ्या.

धाकटी माझ्याकडेच बघत होती. रंगातलं कळतं ना ताईला! काय सांगणार? माझ्याच डोळ्यांचा भरवसा नाही. म्हटलं, "छान आहे गं, उगीच घाबरू नकोस."

९ मार्च
आजही तेच. नव्या दिव्यात लाल दिसतो, जुन्यात नाही. मीटर दोघांना पास करतो. हाताखालचा पोरगा, आकडे मोठ्याने वाचतो म्हणून आम्ही त्याला पोपट म्हणतो, तो म्हणाला, "मावशी, मीटर रोज सकाळी स्टँडर्डच्या वडीवर जुळवून घेतो मी, तिचा लाल तो बरोबर धरतो. चुकेल कसा?"

त्या वडीचं मला एकटीलाच माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी जुनी सीलबंद वडी माझ्या हातून फुटली. बोलणी कोण खाणार! चालू मालातलीच पावडर दाबून तशीच दुसरी केली आणि पेटीशेजारच्या कपाटात ठेवून दिली. दिसायला हुबेहूब. आजवर कुणाला पत्ता नाही.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. जीव मुठीत धरून बसलेय.

१० मार्च, मंगळवार
बसमध्ये लिहितेय, हॉस्पिटलकडे निघालेय. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत. रंगांत एकही चूक नाही." आनंदाने जिना उतरले, आणि शेवटच्या पायरीवर लख्ख कळलं. डोळे बरोबर, म्हणजे दिवा उतरलाय. दमट कपाटात माझी वडीही त्याच्याबरोबर उतरलीय, म्हणून मीटर गप्प. त्या खोलीतले दिवेही त्याच पावडरीचे, म्हणून तिथे सगळेच पिवळे. आणि बाळ?

तिथूनच धाकटीला फोन केला. "पडदा सार. आत्ता! बाळाला उजेडात धर."

कड्या सरकल्याचा आवाज आला.

"ताई, हिच्या डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं आहे गं. तू तर छान म्हणाली होतीस."