साचा अगदी बरोबर आला

तात्या,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

दहा आठवडे वाट पाहिलेला, पंपाच्या पात्यासाठी मेण ओतायचा साचा आज आला. मोजला, तर नकाशाबरहुकूम. केसभरही फरक नाही. आणि तिथेच घात झाला. आधी मेण आकसतं, मग त्याच्या जागी ओतलेला धातू आकसतो, म्हणून साचा थोडा मोठा लागतो. ती वाढ काढायला तुम्ही दोन दिवस घ्यायचात. "तात्या, अंडी उबवताय का?" असं म्हणत मीच तुम्हाला घरी बसवलं. ती वाढ न धरताच काढलेल्या या नकाशावर सही माझी आहे.

एवढा महागडा साचा भंगारात, वर पुन्हा दहा आठवडे. गिऱ्हाइकाला फोन केला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?"

"आमच्या जुन्या तात्यांची." कशी बोलून गेले, मलाच कळलं नाही.

"बरं झालं बाई, वेळेवर सांगितलंत. सोमवारी ते आमच्याकडे रुजू होणार होते."

मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. खरं सांगायला त्यानंतर दोनदा फोन उचलला, तात्या, आणि दोनदा ठेवून दिला.

तुम्ही जिला 'छोट्या मालकीणबाई' म्हणायचात,
ती