लिलीला रंग पाजणारा मास्तर

१८ ऑगस्ट १९९६
चहाआधी ओट्यावर सगळ्यांची विचारपूस. तेलाच्या डब्यातल्या बाई, पाठ धरली का? पान वाकलंय. फुटक्या बादलीतली, तुझी कीड गेली? टबातली पिल्लं मजेत. घरात सूनबाईचा खोकला उतरला, मुलगा दोन पाळ्या करून घोरतोय. माझ्या गुडघ्यांचं विचारू नये.
कळ्या अकरा. मागून आणखी येतील, ह्यांच्या पित्तरापर्यंत पांढरी लिली पुरेल. सुरतेला आलो त्या साली ह्यांनीच हे कांदे माझ्या माहेरच्या विहिरीवरून काढले, एसटीत शर्टाच्या पोटात धरून आणले. फोटोला दुसरं फूल मला चालत नाही.

२२ ऑगस्ट
शेजारचा भास्कर. मिलमध्ये रंगमास्तर झाल्यापासून जमिनीवर पाय नाही. आज ग्लासात गुलाबी लिली घेऊन आला. माझीच, न विचारता तोडून रंगाच्या पाण्यात ठेवलेली. म्हणे, "मावशी, पांढरं काय घेऊन बसलात? गिऱ्हाईक रंगच मागतं."
अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात ते ऐकलं होतं. हा गुलाबी झाला.
सूनबाईला आवडलं. तीही तसलीच.

३० ऑगस्ट
उद्या कडोदऱ्याला, भाचीचं डोहाळजेवण. चार दिवस. सूनबाई बरोबर. मुलाला मशीनपुढे घर दिसत नाही, म्हणून पाणी घालायला भास्करला सांगितलं. साधं पाणी, दोनदा बजावलं. एवढं तरी जमेल.

३ सप्टेंबर
नाही जमलं. माती जांभळी. मिलमधला उरलेला रंग बाटल्या भरून आणला आणि रोज ओतला. मुळातून प्यायली की रंगीतच उमलेल म्हणे.
त्या पाण्यात मीठ, सोडा. रंगखात्यात सोललेली ह्यांची बोटं वीस वर्षं बघितली, मला ठाऊक. मास्तरला नाही. मास्तर म्हणे.
बादल्या ओतून धुवायचा प्रयत्न केला. जांभळं निघतंच आहे.

११ सप्टेंबर
उकरलं. कांदे मऊ, कुजक्या बटाट्यासारखे. डबा, बादली, टब. एकही...
भास्कर दारात. आत यायची हिंमत नाही. म्हणाला, "दादांनीच मला रंग शिकवला मावशी. वाटलं, त्यांच्या फोटोला रंगाचं फूल असावं."
ह्यांनी शिकवला, खरं आहे. दगडाला शिकवला. म्हटलं, "चहा पी आणि जा." साखर दोन चमचे जास्त घातली. गाढवाला गोडच लागतो.

२ ऑक्टोबर
पित्तर. खीर, वडे, कढी. कावळा लगेच आला, ह्यांना घाई असायचीच.
भास्करने बाजारातून पांढरी शेवंती आणली. मान खाली, हात मात्र रंगाचेच. ठेवली. फोटोखाली, फोटोला नाही.
दुपारी आक्काला कार्ड. ती माहेरच्याच गावात दिलेली. लिहिलं ते असं: विहीर बुजवली असं कानावर आलं, खोटं असू दे. काठावरची लिली आहे का गं? एक कांदा पुरे. येणाऱ्याच्या हाती दे, ओल्या फडक्यात. नसेल तर नाही म्हण, पण लवकर लिही.
टब धुऊन उन्हात पालथा घातलाय.