देव हॉलमध्ये हलवले आहेत

वसुंधरा,

तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात लिहितो आहे. समोर बोलायला मला जमणार नाही. पापडी गावात आर्या मॅडमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जातो. शनिवारी ठरलेले शॉकवेव्हचे उपचार पुढे ढकलायला सांगणार आहे, कारण चूक माझी आहे.

तुझ्या टाचेसाठी मी वहीत उपचारांची तुलना मांडली होती: अल्ट्रासाउंड, आधाराची चिकटपट्टी, पोटरीचे व्यायाम. दीड महिन्यात एकानेही गुण आला नाही. "वहीतली टाच बरी झाली असेल, माझी नाही," असं तू काल म्हणालीस, तेव्हा मला हसता आलं नाही. पहिल्याच दिवशी, तू मशीनवर असताना, मॅडम मला म्हणाल्या होत्या, "काका, उपचार कुठलाही करा, पण काकूंना घरात अनवाणी उभं राहू देऊ नका." नेमकं तेवढंच मी तुला सांगितलं नाही. स्वयंपाकघरात देव होते आणि आईच्या वेळेपासून तिथे चप्पल चालत नाही. तो विषय काढायचा मला धीर झाला नाही. आज सकाळी तू ओट्याला धरून एका पायावर पोळ्या करत होतीस.

मऊ चपला दाराजवळच्या खोक्यात आहेत. माप चुकलं असेल तर बदलून आणीन. देव मी हॉलमधल्या कपाटाच्या एका खणात बसवले आहेत. त्या खणातली पुस्तकं पलंगाखाली ठेवली. मांडणी बरोबर आहे की नाही, ठाऊक नाही.

नाहीच पटलं तर देव परत आत ने, पण चपला काढू नकोस.

सुधाकर