बिहोगो गाय बितुरेला देऊ नये

मी, एरिया काटुरेबे, राहणार किरुहुरा, धंदा गुरं राखणं, वय अठ्ठ्याहत्तर, हे कोणाच्याही दाबाखाली न येता सांगून लिहवून घेत आहे. पाय गेलेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने मी जिवंत आहे तोवर येऊन भांडावं.

१. घर व केळीची बाग थोरला मुलगा बारिग्ये याला. फवारणीचा पंपही त्यालाच, त्याचा जीव त्यातच आहे. औषधाने गोचिडी मरेनात, तेव्हा याने मात्रा दुप्पट केली. मग दोन औषधं एकत्र कालवली. शेवटी टोमॅटोवरचं विष आणलं. मी ओरडलो तर म्हणतो, "बाबा, तुम्ही गप्प बसा हो. बघा आता कशा पटापट गळतात." गळल्या खऱ्या. दोन वासरं आंधळी झाली आणि महिन्याभरात गोचिडी पुन्हा कानात. ज्या वाचल्या त्यांचीच ही पिलावळ, तिला आता काहीच लागू पडत नाही. गुरांच्या डॉक्टरांनी बाटलीत भरून नेऊन तपासल्या आणि हात टेकले.

२. उरलेली सगळी गुरं, वळूसह, मुलगी केम्बाबाझी हिला. आमच्यात मुलीला कळप देत नाहीत, हे मला कोणी शिकवू नये. कानाखाली गाठी येऊन वासरं गोचिडीच्या तापाने जात होती, तेव्हा हीच गाईंच्या पोटाखाली बसून हाताने गोचिडी वेचत होती. भावकीला कळपाचा एवढा उमाळा असेल तर उद्यापासून वेचायला यावं.

३. अट एकच. यातलं एकही जनावर जिवंत कुंपणाबाहेर जाणार नाही. सोयरिकीत नाही, माझ्या दुखवट्यातही नाही. कापायचं तर इथेच.

४. बितुरे, टेकडीपलीकडचा माझा मित्र. तरुणपणी त्याने मला कालवड दिली होती. बिहोगो तिचीच नात. गाईच्या मैत्रीची परतफेड गाईनेच करायची असते, आणि आलेली गाय त्याच दिवशी कळपात सोडायची. वेगळी बांधणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. बितुरे तिला वेगळी बांधणार नाही, मी त्याला पुरता ओळखतो. आणि त्याच्या रानातल्या गोचिडी जुन्या औषधाने अजून मरतात, तिथे आमची ही पिलावळ जायला नको.

मागच्या महिन्यात तो बिहोगोला न्यायला आला. मी सगळं सांगितलं. म्हणाला, "काय रे एरिया, गोचिडीचं निमित्त करून गाय दाबतोस? आण ती, नाहीतर तुझ्या मातीला मी यायचा नाही." मी दिली नाही. पुढे ठेवलेलं दूध न पिताच तो उठला. तो गेल्यावर मी रडलो, तेही लिहा.

तरी बिहोगो त्याला देऊ नये, मी गेल्यावर त्याचं मन राखायला म्हणूनही नाही. मातीच्या दिवशी त्याची वाट पाहत कोणी खोळंबू नये. लवकर उरकावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा: एरिया काटुरेबे
साक्षीदार: एलियाब रुहिंडा, चर्चमधील वाचक
साक्षीदार: पेनिना न्सिमे, शेजारीण
किरुहुरा, ९ ऑगस्ट २०१९