पालखी दारातून परत जाऊ नये म्हणून

अनिलदादा,

लहानपणी पोफळीच्या कॉलनीत पडद्यावर पाहिलेला तो वाळवंटातल्या किल्ल्याचा सिनेमा आठवतो? शिपाई एकेक करून मरत होते आणि किल्ला भरलेला दिसावा म्हणून त्यांचा सुभेदार मेलेल्यांच्या हातात बंदुका देऊन त्यांना तटावर उभं करत होता. तू रडलास, मी हसलो होतो.

मंगळवारी वहिनींचा फोन आला, तू गेलास म्हणून. मी मुंबईला आलो नाही. गुरुवारी शिमग्याची पालखी आपल्याकडे यायची होती, आणि सुतकाच्या घरात पालखी येत नाही. आईचं हे शेवटचंच वर्ष, असं डॉक्टर म्हणालेत. मी वहिनींना गयावया केली, चार दिवस कुणाला कळवू नका.

आईला सांगितलं, दादाला रजा नाही मिळाली.

"मेल्याला शिमग्यालाच काम सुचतं," म्हणाली.

पालखी आली. तुला द्यायचा राहिलेला खांदा मी पालखीला दिला आणि अंगणात नाचलो. आईला खुर्चीत बसवून बाहेर आणलं, तिने ओटी भरली. मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ह्या घरचा थोरला मुंबयला हाय, त्येला उदंड आयुष्य दे रे महाराजा!"

सगळे ओरडले, "व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने मी.

आज शनिवार. आई अजून तुझ्या फोनची वाट बघतेय, आणि तुला खाली उतरवायचं माझ्याच्याने होत नाही.

तुला तटावर उभा करणारा,
बाबल्या